शिक्का कशाचा आहे, ते आधी पाहावे



मागच्या महिन्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर तलमडुगु भागातील एक शेतकरी थांबून राहिले. इतर मंडळी गेल्यावर त्यांनी खिशातून घडी केलेला एक छापील कागद काढला. "फादर, गावात एक माणूस आला होता. ह्या कागदावर सही केली की आमचा कापूस सर्टिफाइड होणार, क्विंटलमागे भाव जास्त मिळणार, असे म्हणतो. सही करू का?"

कागद इंग्रजीत होता. मी तो वाचला. खाली सही करणारा शेतकरी रासायनिक खत व औषध वापरत नाही आणि जनुकीय बदल केलेले बियाणे पेरत नाही, असे त्यात लिहिले होते. मी विचारले, "तुमच्या आठ एकरांत कोणती पऱ्हाटी आहे?" "बीटीच की फादर. सगळ्यांची बीटीच आहे." "हे त्या माणसाला सांगितले का?" "सांगितले. तो म्हणाला, चालते, कोण पाहायला येतो?"

सही करू नका, एवढे मी त्यांना तेव्हाच सांगितले. पण घरी आल्यावर वाटले, हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आज बियाण्याच्या पिशवीवर एक शिक्का असतो, तेलाच्या डब्यावर दुसरा, पाइपावर तिसरा. कापसाला चार प्रकारची प्रमाणपत्रे आहेत. प्रत्येक धंद्याने आपापली मोजपट्टी केली आहे, आणि एका धंद्याची मोजपट्टी दुसऱ्या धंद्यात चालत नाही. कोणता शिक्का काय सांगतो हे ठाऊक नसले, की आपण खोट्यावर विश्वास ठेवतो आणि खऱ्याचा फायदाही घेत नाही. म्हणून ह्या खेपेस हा विषय घेतला आहे.

चार प्रश्न

कोणताही शिक्का समोर आला तर स्वतःला चार प्रश्न विचारावेत. पहिला: नियम कोणी केले, सरकारने, व्यापाऱ्यांच्या संस्थेने की कंपनीने स्वतः? दुसरा: तपासणी कोण करतो, विकणाराच की तिसरा कोणी? तिसरा: तपासतात ते नेमके काय, तयार माल, माल तयार करण्याची रीत, की माल कोठला आहे ते ठिकाण? चौथा: फसगत झाली तर दाद कोठे मागायची?

ह्या चार प्रश्नांनी बहुतेक सर्व शिक्क्यांचा उलगडा होतो. आता एकेक घेऊ.

तयार माल तपासणारे शिक्के

आय.एस.आय.चा शिक्का आपल्या आजोबांच्या काळापासूनचा. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. १९५२ च्या कायद्याने तिला मालावर शिक्का देण्याचा अधिकार मिळाला. १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो पाहते; शिक्का मात्र जुन्याच नावाने ओळखला जातो. हा कारखान्याच्या मालाचा शिक्का आहे. पाइप, पाण्यात बुडणारी मोटर, विजेची तार, गॅसची शेगडी, सिमेंट ह्यांवर तो असतो. प्रत्येक वस्तूसाठी वेगळा मानक क्रमांक आहे. उदाहरणार्थ, पाण्याच्या पी.व्ही.सी. पाइपाला आय.एस. ४९८५ आणि बोअरच्या मोटरपंपाला आय.एस. ८०३४.

खऱ्या शिक्क्यात तीन गोष्टी असतात: मध्ये आय.एस.आय.चे चिन्ह, वर मानक क्रमांक आणि खाली कारखान्याचा परवाना क्रमांक. तो सी.एम./एल. ह्या अक्षरांनी सुरू होतो. नुसते चिन्ह असेल आणि क्रमांक नसेल तर तो शिक्का मानू नये. हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी चर्चच्या आवारात पाण्याची लाइन टाकताना दुकानदाराने "आय.एस.आय.सारखाच आहे, फादर" म्हणून स्वस्त पाइप दिला. पाइपावर चिन्ह होते, परवाना क्रमांक नव्हता, आणि मी तो पाहिलाही नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात लाइन तीन ठिकाणी फुटली. बिल घेतले नव्हते, म्हणून बोलण्यास तोंड उरले नाही. आता ब्यूरोचे 'बी.आय.एस. केअर' नावाचे ॲप मोबाइलवर मिळते. त्यात परवाना क्रमांक टाकला की तो खरा की खोटा हे कळते. सोन्याच्या दागिन्यावरील हॉलमार्कचा सहा अक्षरी-आकडी क्रमांकही त्याच ॲपवर पाहता येतो. लग्नसराईत ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

ॲगमार्क हा शेतमालाचा शिक्का. त्याचा कायदा १९३७ चा, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीचा. तूप, मध, हळद, मिरचीपूड, तेल, डाळी अशा मालाची प्रतवारी त्यात ठरवून दिलेली आहे. माल बांधणाऱ्याला आधी अधिकारपत्र घ्यावे लागते आणि मालाचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यावे लागतात. केंद्रीय ॲगमार्क प्रयोगशाळा आपल्या जवळच, नागपुरात आहे. बहुतेक मालाला ॲगमार्क ऐच्छिक आहे. मिश्रण केलेल्या खाद्यतेलासारख्या थोड्या वस्तूंना मात्र तो सक्तीचा आहे.

खाद्यपदार्थाच्या पाकिटावर हल्ली एफ.एस.एस.ए.आय.चा चौदा आकडी क्रमांक असतो. तो २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचा. पूर्वी लोणचे, मुरंबा, सरबत ह्यांवर एफ.पी.ओ.चा शिक्का असे. तो १९५५ च्या हुकुमाचा होता आणि ऑगस्ट २०११ पासून नव्या नियमांत विलीन झाला. ह्या दोन शिक्क्यांतील फरक पुष्कळांना ठाऊक नसतो. एफ.एस.एस.ए.आय.चा क्रमांक म्हणजे धंदा करण्याचा परवाना किंवा नोंदणी. हा माल उत्तम प्रतीचा आहे, असे तो म्हणत नाही. हा धंदा कायद्याच्या वहीत नोंदला आहे आणि ह्याला जाब विचारता येतो, एवढेच तो सांगतो. प्रत सांगतो तो ॲगमार्क.

सुटे तेल आणि सुटी मिरचीपूड ह्यांच्यावर मात्र कसलाच शिक्का नसतो. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली. पायांना सूज येऊन हजारो माणसे आजारी पडली आणि साठांहून अधिक दगावली. दोन रुपये वाचविण्यासाठी सुटे तेल घेताना एवढे आठवावे. आपली हळद-मिरची गिरणीत समोर उभे राहून दळून आणणे हा जुना उपाय अजूनही चांगलाच आहे.

बियाण्याची चिठ्ठी: निळी आणि हिरवी

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. बियाण्यासाठी १९६६ चा कायदा आहे. पिशवीला जी चिठ्ठी असते तिच्या रंगावरून बरेच काही समजते. पैदासकार बियाण्याची चिठ्ठी सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्याची पांढरी आणि प्रमाणित बियाण्याची निळी. ह्या बियाण्यांचे पीक शेतात उभे असताना बाहेरचे अधिकारी येऊन पाहणी करतात, आणि नंतर बियाण्याची प्रयोगशाळेत परीक्षा होते. निळी चिठ्ठी राज्याची बीज प्रमाणीकरण यंत्रणा देते. पैनगंगेपलीकडच्या आपल्या नातलगांसाठी ही यंत्रणा अकोल्यास आहे, आपल्यासाठी हैदराबादेस.

चौथी चिठ्ठी फिकट हिरवी. तिला सत्यदर्शक चिठ्ठी म्हणतात. तिचा अर्थ असा की पिशवीवर जे छापले आहे ते खरे आहे, असे कंपनी स्वतः सांगते. तिसऱ्या कोणी शेतात जाऊन पाहिलेले नसते. आपण पेरतो त्या बीटी कपाशीच्या संकरित बियाण्याची पाकिटे बहुतेक ह्याच प्रकारची असतात. म्हणजे ती वाईटच असतात असे नाही. परंतु तेथे शब्द कंपनीचा असतो, सरकारचा नव्हे, आणि म्हणून बिलाची किंमत फार वाढते.

उगवणशक्तीचे किमान प्रमाण नियमाने ठरलेले आहे: संकरित कपाशी शंभरात ७५, सोयाबीन ७०, भात ८०. सोयाबीनचे बियाणे घरचे असो की दुकानचे, पेरणीआधी स्वतः पाहावे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने ठेवावे, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, पाणी शिंपडत राहावे. पाच-सहा दिवसांनी चांगले कोंब किती आले ते मोजावे. सत्तर किंवा अधिक आले तर नेहमीप्रमाणे पेरावे. थोडे कमी आले तर बियाणे त्या मानाने वाढवावे, फारच कमी आले तर ते पेरू नये. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते. थप्पी उंच लावली किंवा पोती आदळली तरी उगवण घटते.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. मेच्या अखेरीस रात्री-बेरात्री दुचाकीवरून येणारे 'चोर बीटी', म्हणजे तणनाशक मारले तरी मरत नाही असे सांगून विकले जाणारे कपाशीचे बियाणे, ह्याला आपल्या देशात परवानगी नाही. त्याला निळी चिठ्ठी नाही, हिरवीही नाही, बिलही नाही. ते उगवले नाही तर दाद मागायला तोंडच नसते.

बिल असेल तर मात्र तोंड आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात निर्णय दिला की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि सदोष बियाण्याबद्दल तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. म्हणून बिल, रिकामी पिशवी, तिच्यावरील चिठ्ठी आणि शक्य असल्यास मूठभर बियाणे पीक घरी येईपर्यंत जपून ठेवावे. उगवण झाली नाही तर लगेच कृषी विस्तार अधिकाऱ्यांना लेखी कळवून पंचनामा करून घ्यावा. शेत मोडून दुबार पेरणी केल्यावर पुरावा राहत नाही.

औषधाच्या डब्यावरील रंग

फवारणीच्या औषधावर रंगीत चौकोन असतो. कित्येकांना वाटते की तो प्रतीचा शिक्का आहे आणि लाल म्हणजे 'जोरदार, चांगले'. तसे नाही. तो विषाचा इशारा आहे. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. हिरवा असला तरी ते औषध विषच. औषध खरे की बनावट हे पाहायचे तर रंगाकडे नव्हे, नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख आणि बिल ह्यांकडे पाहावे.

२०१७ च्या पावसाळ्याअखेरीस शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजुरांना विषबाधा झाली आणि सुमारे वीस जण दगावले. ते गाव-शिवार आपल्यासारखेच, पीकही आपलेच. उंच वाढलेल्या पऱ्हाटीत, वाऱ्याच्या उलट दिशेने, दोन-तीन औषधे एकत्र करून, उघड्या अंगाने फवारणी करणे हे कोणत्याही शिक्क्याने सुरक्षित होत नाही. चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी किंवा मळमळ जाणवली तर काम तत्काळ थांबवावे, कपडे काढून अंग साबणाने धुवावे, आणि औषधाची चिठ्ठी असलेला डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा. डॉक्टरांना उतारा कोणता द्यावा हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते.

बाजारातील प्रतवारी: आपला कापूस

प्रमाणपत्राचे नाव न घेता आपल्या कापसाची दरवर्षी परीक्षा होते ती आदिलाबादच्या मार्केट यार्डात. १९७० साली स्थापन झालेले भारतीय कापूस निगम, म्हणजेच आपले सी.सी.आय., हमीभावाने खरेदी करते. त्यासाठी धाग्याची लांबी, कचरा आणि ओलावा पाहतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. हा भाव ८ टक्के ओलाव्याचा. त्यावर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात. १२ टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर निगम माल घेतच नाही.

आता हिशोब करू. एका क्विंटलात ११ टक्के ओलावा निघाला. तीन टक्के कपात, म्हणजे २४३ रुपये ३० पैसे. हाती येतात ७,८६६ रुपये ७० पैसे. तोच क्विंटल वाळवून ८ टक्क्यांवर आणला असता तर? पाणी उडून वजन सुमारे ९६ किलो ७४० ग्रॅम राहिले असते, आणि पूर्ण भावाने साधारण ७,८४५ रुपये आले असते. म्हणजे फरक जवळजवळ काहीच नाही. कपात पाहून पुष्कळजण चिडतात. पण ह्या कपातीत आपण पाण्याचे वजन विकलेले असते, हेही ध्यानात घ्यावे.

खरा तोटा बारा टक्क्यांची रेघ ओलांडण्यात आहे. १३-१४ टक्के निघाले की निगमच्या दारातून गाडी परत फिरते आणि मग व्यापारी म्हणेल तो भाव. म्हणून अगदी कोरडा करण्याच्या मागे न लागता, बाराच्या आत निश्चित राहील एवढा वाळवावा. दव उतरल्यावर वेचणी सुरू करावी. वेचलेला कापूस एक-दोन दिवस सावलीत किंवा कोवळ्या उन्हात ताडपत्रीवर पसरावा. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा पांढरा कापूस आणि शेवटची कवडी एकत्र करू नये. खताच्या प्लॅस्टिक पोत्यांऐवजी सुती कापडात वेचावा, कारण प्लॅस्टिकचा एक धागा जिनिंगमध्ये गेला की तो सूतगिरणीपर्यंत जातो आणि रंग देताना उघडा पडतो. भारतीय कापसाला परदेशात कमी भाव मिळण्याचे हे एक जुने कारण आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने 'कस्तुरी' नावाने भारतीय कापसाचा शिक्का जाहीर केला. त्यात धाग्याची लांबी आणि कचऱ्याचे प्रमाण ठरवून दिलेले असून गाठी तपासून त्यांना ओळखपट्टी लावली जाते. तो शिक्का जिनिंगवाल्याला मिळतो, आपल्याला नाही. परंतु त्याची सुरुवात आपल्या वेचणीच्या ओट्यातून होते.

शेताची रीत तपासणारी प्रमाणपत्रे

आता पहिल्या कागदाकडे येऊ. काही प्रमाणपत्रे मालाकडे पाहत नाहीत, तो कसा पिकविला ते पाहतात. आपल्या भागात ऐकू येणारी चार आहेत. ती एकमेकांहून फार वेगळी आहेत.

पहिले बेटर कॉटन. ही आंतरराष्ट्रीय संस्था २००९ साली उभी राहिली. भारतात तिचे पहिले पीक २०१०-११ चे. हे सेंद्रिय नव्हे. बीटी चालते, खत चालते, औषधही चालते. मात्र औषध मोजून मारावे, अतिघातक औषधे सोडावीत, पाणी व जमीन जपावी, मजुरांना नीट वागवावे आणि लहान मुलांना कामास लावू नये, अशा अटी आहेत. शेतकऱ्यांचे गट करून शिकविले जाते. जास्त भावाची हमी ह्यात नाही. फायदा होतो तो खर्च वाचल्याने.

दुसरे सेंद्रिय प्रमाणपत्र, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे. हा कार्यक्रम २००० साली सुरू झाला आणि अपेडा ही संस्था तो पाहते. ह्यात रासायनिक खत, औषध आणि बीटी बियाणे हे तिन्ही बंद. हंगामी पिकांना पेरणीपूर्वी दोन वर्षांचा संक्रमणकाळ काढावा लागतो. त्या काळात उत्पन्न घटू शकते आणि सेंद्रियचा भावही मिळत नसतो. हा कठीण काळ कसा काढायचा ते आधी ठरवावे. एकट्याला खर्च झेपत नाही, म्हणून २५ ते ५०० शेतकऱ्यांचा गट करता येतो. गट आपल्या सभासदांची नोंदवही ठेवतो आणि बाहेरचा तपासनीस काही शेते निवडून पाहतो. येथे एकाने चोरून युरिया टाकला तर डाग सर्व गटाला लागतो.

तिसरे पी.जी.एस., म्हणजे शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांची केलेली तपासणी. कृषी मंत्रालयाने ते २०११ साली सुरू केले. किमान पाच शेजारी शेतकरी मिळून गट करतात आणि एकमेकांची शेते पाहून सही करतात. संक्रमणात 'पी.जी.एस. ग्रीन', पूर्ण झाल्यावर 'पी.जी.एस. ऑरगॅनिक' असा शिक्का मिळतो. मोठे शुल्क नाही. हे आपल्या देशातील बाजारासाठी आहे, परदेशी निर्यातीसाठी नव्हे. तूर, ज्वारी, मूग, भाजी गावात व शहरात विकणाऱ्यांना हे पुरेसे आहे. पण शेजाऱ्याला 'तुझे चुकले' असे सांगण्याचे धैर्य ज्या गटात नाही, तेथे ह्या कागदाला काही अर्थ नाही.

चौथे फेअरट्रेड. त्यात ठरलेला किमान भाव आणि शिवाय गटाला वेगळी जादा रक्कम मिळते. ती कशावर खर्च करावी हे सभासदांची सभा ठरविते. ही गोष्ट आपल्याकडे अगदी परकी नाही. २००४ साली सुरू झालेल्या चेतना ऑर्गॅनिक ह्या संस्थेने आदिलाबाद भागातील आदिवासी व लहान शेतकऱ्यांचे गट बांधून सेंद्रिय व फेअरट्रेड कापूस बाहेरच्या बाजारात नेला आहे.

खोटा कागद कोणाला बुडवितो

"कोण पाहायला येतो?" ह्याचे उत्तर इतिहासाने दिले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये सेंद्रिय कापडाच्या गॉट्स ह्या जागतिक मानक संस्थेला सुमारे २०,००० टन भारतीय कापूस बनावट कागदपत्रांवर सेंद्रिय म्हणून विकल्याचे आढळले आणि अकरा कंपन्यांवर बंदी घातली गेली. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेने अपेडाच्या सेंद्रिय तपासणीला दिलेली मान्यता काढून घेतली. ह्याचा फटका ज्यांनी खोटेपणा केला त्यांनाच बसला असे नाही. खरोखर राबून, दोन वर्षे तोटा सोसून सेंद्रिय शेती करणाऱ्याच्या मालाकडेही लोक संशयाने पाहू लागले.

प्रामाणिक प्रमाणपत्राचीही एक मर्यादा असते. नाशिकच्या द्राक्षांची गोष्ट ऐका. तेथील बागाईतदार युरोपसाठी ग्लोबलगॅप नावाचे प्रमाणपत्र घेतात, फवारणीची रोजची नोंद ठेवतात, आणि काढणीआधी द्राक्षांचे नमुने प्रयोगशाळेत जातात. इतके सर्व करूनही २०१० साली युरोपात पोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट नावाच्या वाढनियंत्रकाचा अंश निघाला आणि पुष्कळ माल अडकून पडला. ते रसायन आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हते. जे यादीत नाही त्याबद्दल प्रमाणपत्र काहीच सांगत नाही. त्यानंतर यादी वाढविली आणि बागाईतदार सावरले. पण त्या वर्षीचे नुकसान भरून निघाले नाही.

आणखी दोन शिक्के

दुकानाच्या पाटीवर 'आय.एस.ओ. ९००१' असे लिहिलेले दिसते. १९८७ पासूनचे हे मानक मालाचे नाही, कारभाराचे आहे. ह्या कारखान्यात कामाच्या पद्धती लिहून ठेवल्या आहेत, नोंदी होतात, तक्रारींची दखल घेतली जाते, एवढेच ते म्हणते. ह्या कंपनीचे बी हमखास उगवेल असे ते म्हणत नाही. त्यासाठी चिठ्ठीच पाहावी.

भौगोलिक निर्देशन हा दुसरा. तो ठिकाणाचा शिक्का. आपल्याच राज्यातील तांडूरच्या तुरीला तो २०२२ मध्ये मिळाला, निर्मलच्या लाकडी खेळण्यांना त्याआधीच मिळाला होता. तांडूर परिसरात पिकलेली तूरच त्या नावाने विकता येते. आपली तूर चवीला कितीही चांगली असली तरी आपण ते नाव लावू शकत नाही. त्यात अपमान काही नाही, तो शिक्काच वेगळ्या कामाचा आहे.

सहीपूर्वी विचारायच्या गोष्टी

१. हा कागद आपल्या भाषेत वाचून दाखवा. मराठी, तेलुगू किंवा गोंडी, जी समजते तीत.

२. बीटी, खत, औषध ह्यांपैकी काय चालते आणि काय चालत नाही?

३. प्रमाणपत्र कोणाच्या नावे राहील, आमच्या गटाच्या की कंपनीच्या? आम्ही बाहेर पडलो तर माल दुसऱ्याला विकता येईल का?

४. तपासणीचा खर्च कोण देणार? पहिल्या वर्षी आणि नंतरही?

५. जास्त भाव म्हणजे किती, कशावर, आणि तो लिहून देणार का?

६. नोंदवही कोण लिहिणार? दुसऱ्याने घरी बसून लिहिलेल्या वहीवर आपली सही असू नये.

आणि एक गोष्ट विचारण्याची नाही, करण्याची: वेचणीच्या दिवसांत मुलाला शाळेतून काढून शेतात नेऊ नये. बेटर कॉटन आणि फेअरट्रेड ह्या प्रमाणपत्रांचा त्याला विरोध आहे. प्रमाणपत्र नसले तरी ते मूल आपलेच आहे.

त्या शेतकऱ्यांनी कागद सही न करताच परत दिला. त्यांच्या गल्लीतील दोघांनी केली, हेही नंतर कळले. ह्यांनी मात्र रैतु वेदिकेत जाऊन विस्तार अधिकाऱ्यांना पी.जी.एस.बद्दल विचारले. पाच शेजारी मिळतात का ते आता पाहत आहेत. आतापर्यंत तीन मिळाले आहेत. कपाशी यंदा बीटीच राहणार, आणि ती बीटी म्हणूनच विकली जाणार. येत्या हंगामात बियाण्याच्या पिशव्या घ्याल तेव्हा चिठ्ठीचा रंग पाहा, बिल मागून घ्या, आणि दोन्ही घरातील सुरक्षित जागी ठेवा. कोणाकडे न समजणारा कागद आला असेल तर सही करण्याआधी घेऊन यावा. आपण एकत्र बसून वाचू.